वाल्मिक ट्रॉलीवरून पडला नाही

२१ फेब्रुवारी १९९९, रविवार

माझ्या नव्या गाण्याच्या कॅसेटी जाळल्या. सगळ्या! भर दुपारी, बाजारतळावर, लोकांच्या देखत. प्लॅस्टिक वितळून काळं पाणी झालं आणि आतली फीत करपून केसांसारखी उडत राहिली. लोक बघत होते. कुणी काकडी खात होतं.

सोपानदादाला चौघांनी धरलं. त्याचा उजवा हात स्टेजच्या फळीवर ठेवला आणि ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी घातली. एकदा नाही. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली काटकी मोडावी तसा.

ऊसतोडीचा ठेकेदार कानिफनाथ जीपमध्ये बसून होता. उतरलासुद्धा नाही. जाताना म्हणाला, "आता वाजव म्हनावं ढोलकी."

मला त्याचा गळा दातांनी फोडावासा वाटला. हे लिहिताना लाज वाटत नाही.

२२ फेब्रुवारी

कोपरगावच्या दवाखान्यात. सोपानदादाच्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं वाकणार नाहीत. तो माझ्यासोबत दहा वर्षं ढोलकीवर आहे. रडला नाही. फक्त विचारलं, "डावा तर हाय ना?"

उद्या माझं काही बरंवाईट झालं तर कुणालातरी कळावं, म्हणून पहिल्यापासून लिहून ठेवते.

वाल्मिक पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार. जानेवारीत इथे कानिफनाथच्या फडावर होता. बायको बाळंतपणात अडली. "ट्रॅक्टर द्या, दवाखान्यात नेतो," एवढंच म्हणाला. कानिफनाथ म्हणाला, आधी उसाची खेप. वाल्मिकने ट्रॅक्टरची किल्ली ओढली. मग त्याला उसात ओढत नेलं. बायको तिथेच कोपीत, पाचटाच्या झोपडीत, मेली, बाळासकट. वाल्मिक संध्याकाळी पाचटात सापडला, डोकं फुटलेला. कागदावर लिहिलं — ट्रॉलीवरून पडून मृत्यू.

फडावरच्या सगळ्यांना माहीत होतं. बोललं कुणी नाही. रातोरात त्या टोळीला दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं. त्याची आई तेवढी मागे राहिली — झुंबरबाई. एसटी स्टँडवर बसून असायची. मी घरी आणलं. आईनं दारातच विचारलं, "आमच्या वस्तीतलं पानी चालतंय का तुमाला?" ती म्हणाली, "लेकरू गेलं, सून गेली. आता काय इटाळ धरू बाई?"

त्या रात्री गाणं झालं. मी जुळवलं असं म्हणवत नाही. तीच बडबडत होती, मी फक्त चाल लावली.

पडला न्हाई गं पडला न्हाई
वाल्मिक ट्रॉलीवरून पडला न्हाई
उसाला इचार, पाचटाला इचार
कोन कोन हुतं, कुनी बोलत न्हाई

यात कानिफनाथचं नाव कुठे आहे? नाव न घेताच त्याला झोंबलं!

२४ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात गेले. "कानिफशेठनी हात लावला का तुला? नाही ना? मग?"

पुण्याच्या कॅसेट कंपनीलाही फोन केला. तिथला माणूस चांगला बोलला. "ताई, आवाज उत्तम आहे. देवाची गाणी करा. लग्नाची करा. हे कोण विकणार?"

गळा आपला, शब्द आपले, तरी चार माणसांच्या 'हो'शिवाय ते शेजारच्या गावातही पोचत नाहीत. एक रागावला की काडी लावतो.

२६ फेब्रुवारी

माझ्या भावाचा, महेंद्रदादाचा, अमेरिकेहून फोन. मी जिथे काम करते त्या प्रशांतच्या एसटीडी-झेरॉक्सच्या दुकानात तो दर शुक्रवारी करतो. मागच्या महिन्यात त्याला एक कॅसेट पाठवली होती. तेवढी एकच राहिली आता, सात समुद्रापलीकडे!

म्हणाला, "रडू नकोस. इथल्या कॉलेजात पोरं एक रेडिओ चालवतात, कॉम्प्युटरवरून. शनिवारी रात्रीचा एक तास मला मराठी गाण्यांसाठी दिलाय. तुझं गाणं लावतो."

"परवानगी कुणाची लागते?"

"कुणाचीच नाही."

"खांब कुठाय त्याचा? किती लांब ऐकू जातं?"

तो हसला. "खांब नाही. जिथे कॉम्प्युटर आणि टेलिफोनची तार, तिथे जातं. लंडनला, मस्कतला, तुझ्या कोपरगावला."

मला पटलं नाही. दादाला लहानपणापासून फुगवून सांगायची सवय.

१ मार्च

झुंबरबाईने कोयत्याला धार लावली. मी थांबवलं नाही. उलट पाणी शिंपडायला बसले.

७ मार्च, रविवार

ऐकलं!!

प्रशांतने दिवाळीत कॉम्प्युटर घेतलाय, पत्रिका छापायला. त्याला फोनची तार जोडली. फोन लागताना डबा बराच वेळ किंचाळला. मग खरखर, मग दादाचा आवाज — आणि मग मी. मधेच तुटायचं, थांबायचं, "पडला न्हा—" आणि गप्प. आम्ही सगळे पडद्याकडे बघत श्वास धरून. मग परत "—ई गं". झुंबरबाई उठून डब्याच्या मागे बघून आली.

"हे आता अमेरिकेत वाजतंय?"

"व्हय मावशी. सगळीकडं," प्रशांत म्हणाला.

"मंग त्याला आता कसं जाळत्याल?"



माझ्यानंतर दादाने तिथल्या एका माणसाचं गाणं लावलं. दिवसा लोकांच्या अंगणातलं गवत कापतो म्हणे. स्वतःच्या पैशाने गाणी भरली, एकाही कंपनीने घेतली नाहीत. एक गिटार आणि एक फाटका आवाज. शब्द एक कळला नाही. पण कुणासाठी तरी जीव तोडतोय एवढं कळलं. वाटलं, याचीही बोटं कुणी मोडली असतील का?

तो माणूस आणि मी एकामागे एक! कुठल्या रेडिओने आम्हाला असं शेजारी बसवलं असतं?

१६ मार्च

घरात घुसले. मी दुकानात होते. आई एकटी.

"गान्याची मूळ टेप कुठंय?" भांडी फेकली, धान्यात रॉकेल ओतलं. आईने "न्हाई" म्हटलं तसं तिला केसाला धरून चुलीवर आपटली. गालावर निखाऱ्याचा डाग पडलाय. शिलाई मशीन विहिरीत टाकली.

वस्तीतली माणसं धावली तोवर जीप गेली होती.

आई म्हणते, "गानं सोड." मग थोड्या वेळाने म्हणते, "न्हाई, सोडू नको." मग पुन्हा, "सोड गं."

मी कोयता पिशवीत घालून कानिफनाथच्या बंगल्यापर्यंत गेले. खरंच गेले. फाटकाबाहेर उभी राहिले. तो गच्चीवर फोनवर बोलत होता, हसत होता. मी एकच घाव कुठे घालायचा ते ठरवलं. कानाखाली. आणि मग सोपानदादा मागून येऊन माझी पिशवी घेऊन गेला.  प्लॅस्टरच्या हातात अडकवून घेतली आणि पुढे चालू लागला.

२८ मार्च

चिठ्ठ्या येतात. कॉम्प्युटरवर. प्रशांत कागदावर काढून देतो.

लंडनहून एक बस ड्रायव्हर — मूळ नागपूरचा. "ताई, तीस वर्षांनी असा आवाज ऐकला. गाडी चालवताना गुणगुणत होतो. वाल्मिक कोण होता?"

मस्कतहून एक नर्स. "माझे वडील ऊस तोडायचे. ते पण 'पडले' होते."

ही चिठ्ठी वाचून झुंबरबाई म्हणाली, "तिला कळव, त्येबी पडले नसत्याल."

मी आजवर कुणासाठी गात होते? समोर बसलेल्यांसाठी. त्यांना घर कानिफनाथच्या गावात करायचंय, ते टाळी वाजवताना पण आजूबाजूला बघतात. आता ही माणसं. त्यांना भीती नाही, ओळख नाही, देणंघेणं नाही — तरी विचारतात, वाल्मिक कोण होता. आणि त्यांना मिळालं काय? तिकडे दिवसभर परकी भाषा, आणि आठवड्यातून एक तास कुणीतरी त्यांच्या बोलीत खरं बोलतं. दादा म्हणतो, काही जण त्या तासासाठी ऑफिसात जाऊन बसतात. घरी कॉम्प्युटर नाही म्हणून.

आणि ऐका गंमत! प्रशांतने ते गाणं कॉम्प्युटरवरून परत कॅसेटवर भरलं. खरखरीसकट. त्या कॅसेटवरून दुसरी, तिच्यावरून तिसरी. काष्टीच्या बाजारात आमचा मामा गेला होता. म्हणाला, बैलांच्या बाजारात एका टेम्पोत वाजत होतं. माझा आवाज जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला अमेरिकेवरून गेला!

४ एप्रिल

दादाचा फोन. पुढच्या रविवारी सकाळी दुकानातून फोनवरच गायचं. त्यांच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र. तो रिसीव्हरचा आवाज थेट रेडिओला जोडणार. "झुंबरबाईलाही बोलू दे. लोक विचारतात."

प्रशांतला म्हटलं, तुझं दुकान आहे, नको म्हण. तो म्हणाला, "काचा नव्याच बसवायच्या होत्या."

आई दोन वेळा देवळीतल्या बाबासाहेबांच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत. नुसती बघत.

१३ एप्रिल

दवाखाना. लिहिता येतं, बोलता येत नाही. जबडा तारेने बांधलाय.

रविवारी आधी झुंबरबाई बोलली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, जणू कुणाचं तान्हं. "मी वाल्मिकची आई. माजं लेकरू ट्रॉलीवरून पडलं न्हाई. बायकूसाठी गाडी मागत हुतं." एवढंच. मग मी सुरू केलं. सोपानदादाने डाव्या हाताने टेबलावर ठेका धरला.

दुसऱ्या कडव्याला काच फुटली. तोंडं टॉवेलने बांधलेले पाच-सहा जण. पहिला फटका प्रशांतच्या पाठीत. कॉम्प्युटर रस्त्यावर. मी गातच राहिले — वेडेपणा म्हणा. मला केसांना धरून काऊंटरवर आपटलं. तोंडात दात आणि रक्त. झुंबरबाई एकाच्या मनगटाला चावली, सोडेचना. तिला लाथांनी तुडवलं. तिचा डावा डोळा गेला.

आणि एक जण ओरडला, "वाल्म्याच्या डोक्यात घातली तशी हिच्याबी डोक्यात घाल टॉमी!"

रिसीव्हर तारेला लोंबकळत होता. मी जमिनीवरून बघत होते. हलत होता. कुणाचं लक्षच नव्हतं. दादाचा बारीक आवाज येत होता त्यातून, "प्रज्ञा! प्रज्ञा!"

फोन चालू होता. सगळं गेलं. काच, शिव्या, झुंबरबाईची किंकाळी, ते वाक्य. लंडनला, मस्कतला. सगळीकडे.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत लाऊडस्पीकरवर माझी गाणी लागली असतील. पहिल्यांदाच मी तिथे नाही.

झुंबरबाई शेजारच्या खाटेवर. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेली. मला विचारते, "गेलं का समद्यांना ऐकू?" मी मान हलवते. तिला दिसत नाही, म्हणून तिचा हात दाबते.

१६ एप्रिल

फौजदार आले. दादाने ते सगळं भरून ठेवलंय, पुण्याच्या एका वकिलाने ते कॉम्प्युटरवरून कॅसेटवर उतरवून आणलं. तिकडच्या लोकांनी इतक्या चिठ्ठ्या पाठवल्या की मुंबईच्या पेपरात आलं. म्हणून फौजदारांनी बसून ऐकलं. दोनदा. कपाळ पुसलं.

"वाक्य आहे. पण तोंडं बांधलेली होती. आवाज कुणाचाही असू शकतो."

मी पाटीवर लिहिलं — कानिफनाथ.

"तुम्ही म्हणणारच. तुमचं वैर आहे. कुणीतरी तिसरं ओळखणारं पाहिजे. त्याच्या गावातलं. आहे कुणी?"

नाही. कुणी नाही. कुणाला घर जाळून घ्यायचंय?

सोपानदादा बाहेर जाऊन भिंतीवर डावा हात आपटत राहिला. मी ऐकत होते. त्याला थांबवायला माझ्याकडे आवाज नाही.

१९ एप्रिल

दुपारी दवाखान्यात, खोलीच्या दारात एक म्हातारी. चांगलं लुगडं, पायात काही नाही. चालत आली होती. आईने ओळखलं आणि तिच्या हातातला तांब्या पडला — गोजरबाई. कानिफनाथची आई.

बसली नाही. झुंबरबाईच्या पट्टीकडे बघून तिथेच उभी राहिली.

"माजी लेक अमेरिकेत अस्ती. जावई इंजनेर हाय. दर शनवारी त्या डब्यावर मराठी गानी लावती. परवा फोन केला तिनं. म्हनली, आई, आवाज आपल्या कानिफचा हुता. मी म्हनलं, मला म्हाईत हाय. वाल्मिक मेला त्या दिसाची त्येची कापडं मीच धुतली. रगात निघंना, म्हनून जाळली."

मग पदर डोक्यावर नीट घेतला.

"चल पोलिसात. मी वळखते त्येचा आवाज."

मी चपला घातल्या.