लालबाग ते जर्मनी, व्हाया कॉटन ग्रीन

४ जानेवारी १९६०, सोमवार
ठरलं! जर्मन कंपनी मुंबईतून दोन पोरं फिटरचं काम शिकायला तिकडे नेणार. तीन वर्षं, राहणं-खाणं फुकट. मार्चमध्ये परीक्षा. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा, बस्स. कानस आणली. उद्यापासून रोज एक तास.

५ जानेवारी
कानस नवी आहे. नव्या वस्तूची घाई करू नये.

१८ जानेवारी
घासणं काय, हाताला आपोआप येतं. अवघड आहे ते तिकडचं जेवण. आईला बटाटे उकडायला लावले, काट्या-चमच्याने खाल्ले. एक बटाटा बाबांच्या ताटात उडाला. बाबा मिलमधून दमून आले होते. म्हणाले, "आदी कानस धर, मगे काटो." मिलवाल्यांची दृष्टी मिलच्या भोंग्यापलीकडे जात नाही.
परळचा धोंडूही परीक्षेला बसतोय. रोज संध्याकाळी घासतो म्हणे. बिचारा. हाताला घट्टे पडलेत. असल्या हातांनी जर्मन लोकांशी शेकहँड कसा करणार?

१४ फेब्रुवारी
कोट शिवून आला. चाळीत दोनदा वरखाली केलं. जिन्यात भेटलेल्या सगळ्यांना 'गुटन मॉर्गन' म्हटलं. संध्याकाळ होती, पण भावना पोचल्या.

६ मार्च, रविवार
सत्कार! खरं म्हणजे परीक्षा व्हायची आहे. पण निम्मी चाळ शिमग्याला गावी चालली. परत येईपर्यंत मी जर्मनीत, म्हणून आधीच उरकला. आई म्हणाली, उतावळा नवरा... पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. शाल, नारळ, भाषण. नवीन महाराष्ट्राला असेच तरुण हवेत, असं अध्यक्ष म्हणाले. मला पटलं. समोरच्या शेवंतीकाकीने जर्मनीसाठी सुके बांगडे दिले, पिशवीभर. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मलाही रडू आलं.
उद्यापासून कानस. नक्की.

२१ मार्च
परीक्षा झाली. जर्मन साहेब कोट उतरव म्हणाला. आतल्या शर्टाची फक्त कॉलर धड होती, म्हणून नाही म्हटलं. कोट घालूनच घासलं. बाही आवळत होती, तरी काम झकास. साहेबाने माझ्या तुकड्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. मधून चांगला उजेड दिसत होता. इतरांच्या तुकड्यांत काहीच दिसलं नाही.
साहेबाने दोनदा मान हलवली. आडवी. तिकडची पद्धत असावी.

२६ मार्च
धोंडू चालला. दुसरा कोणी माटुंग्याचा. मी नाही.
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. धोंडूकडे कोट नव्हता. माझा दिला. निदान कोट तरी जाईल.

२८ मार्च
चाळकरी गावाहून परतू लागले. सत्कार घेतलेला माणूस गॅलरीत दात घासताना दिसणं बरं नव्हे. आईने कॉटन ग्रीनला मावशीकडे धाडलं. चालत वीस मिनिटं. बाबांनी सामानात कानस टाकली. इथे कोणी ओळखत नाही. आता सवड आहे. उद्यापासून दोन तास.

१७ एप्रिल
इथे बसायला जागा चांगली नाही. कानस मावशीने विळीला धार काढायला नेली. बांगडे मात्र भारी. तीन आठवडे रोज खातोय, पिशवी संपत नाही. आई रविवारी येते तेव्हा मावशी उगाच पिशवी झाकून ठेवते.

१ मे, रविवार
महाराष्ट्र झाला! रस्त्यात गुलाल, लेझीम, ढोल. घरात बसवेना. गर्दीत कोण ओळखणार, म्हणून तोंडभर गुलाल फासून लालबागला गेलो. ओरडून घसा बसला.
शेवंतीकाकीने मागून कॉलर धरली. तोंडात पेढा कोंबला. "जर्मनीत ऊन लय आसा काय रे लवू? लाल झालंस!" सगळी चाळ हसली. बाबासुद्धा.
मग काकीने हळूच विचारलं, "बांगडे पुरतत मां? की येत्या रविवारी आईच्या हाती जास्त धाडू?"
लाज वाटली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरंही वाटलं.
रात्री घरीच जेवलो, हाताने. उद्यापासून कानस. पण ती विळीसाठी लागते, मावशीला विचारावं लागेल.