मार्लूस नावाचं फूल

आल्समेर, ३ मार्च १९८४

ती. वीत्स्केताईस,
सा. न. वि. वि.

आपल्या काचघरात इतिहास घडलाय. वाइनच्या रंगाचा, मधे काळाभोर डोळा असलेला जर्बेरा! शरदातल्या प्रदर्शनात तो मांडणार. नाव ठेवलंय 'मार्लूस'. आपलं नाव फुलाला मिळालं म्हणून बायको खूश आहे. संकर आईने केला होता म्हणून आई जरा नाराज आहे, पण तिने फक्त ब्रश फिरवला, निवड माझी. रोपं मी गड्डे फोडूनच वाढवणार. नाताळात तू हौसेने नेलेला त्याचा कोंब तुझ्या प्रयोगशाळेतल्या मुरांब्याच्या बरण्यांत सुखात असेल, अशी आशा.

तुझा लाडका भाऊ,
योरिट

लेवार्डेन, ११ मार्च

चि. योरिटास,
अ. आ.

मार्लूसचं अभिनंदन, ती तुला सोसते त्याबद्दल फूलच काय, अख्खी बाग द्यायला हवी. पण आईने 'फक्त ब्रश फिरवला' म्हणतोस? चित्रकारही तेवढंच करतो, बाबा. तीन हिवाळे ती थंडीत बसून परागकण लावत होती, तेव्हा तू प्रदर्शनासाठी कोट शिवून घेत होतास.

मुरांबा छान मुरतोय. एका कोंबाला चार फुटले, ते वेगळे करून नव्या बरण्यांत लावले. घाई करत नाही. वाढीच्या औषधाचा मारा करून भराभर वाढवलं तर वेडीवाकडी फुलं येतात. तू मात्र पाणी कमी घाल. तुझ्या वाफ्यांत बदकं पोहतील.

मार्लूसला जपणारी,
ताई

आल्समेर, २० जून

परमपूज्य, तीर्थस्वरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

मुळं सडली. आधी एक वाफा, मग सगळे. सकाळी टवटवीत दिसणारं रोप दुपारी मान टाकतं. मातृरोपही गेलं. जाळायला नेलं तेव्हा आई दारात उभी होती. मी म्हटलं, पुन्हा तसाच संकर करू. ती म्हणाली, त्याच आईबापांना तेच मूल पुन्हा होत नाही. ते खरंच आहे.

आता ते फूल जगात फक्त तुझ्या प्रयोगशाळेत आहे. मी मुरांबा वगैरे म्हणालो ते प्रेमाने.

तुझ्या कृपेचा भुकेला,
योरिट

लेवार्डेन, २६ जून

चि. योरिटास,
अ. आ.

'परमपूज्य' वाचून मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासला. तुझं काचघर भरेल एवढी रोपं देते, मुळं धरलेली, निरोगी. एकच अट: फुलाला आईचं नाव. 'त्रेन्त्ये'. मार्लूसला मी स्वतः समजावते. ती तुझ्याहून शहाणी आहे. आधी आईला विचार. हुकूम सोडू नकोस, विचार.

बरण्यांसह वाट पाहणारी,
ताई

आल्समेर, ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

प्रदर्शन झालं. तुझी रोपं फुलली, एकही वाकडं नाही. लोक थांबून बघत होते.

नावाचं तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आईला विचारलं, तर हातातली कॉफी ठेवून म्हणाली, शुक्रवारी विकत घ्यायचं आणि पुढच्या शुक्रवारी कचऱ्यात टाकायचं, अशा वस्तूवर माझं नाव? मार्लूस तर 'मग माझंही नको' म्हणत हात जोडूनच उभी राहिली. शेवटी आईनेच ठरवलं. फुलाचं नाव 'योरिट' आहे. काल फुलांच्या लिलावात तिथला अधिकारी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला की योरिट दिसायला देखणा, पण देठ नाजूक, फार दिवस टिकायचा नाही. आई गॅलरीत बसून इतकी हसली की शेजारच्याने तिला पाणी आणून दिलं.

नावाऐवजी तिने मागचं छोटं काचघर मागितलं, मी गाडी ठेवायला घेतलेलं. मी लगेच हो म्हटलं. खरं तर ते तिचंच होतं. तिने मागेपर्यंत मला ते सुचलं नाही, याची आता लाज वाटते. गाडी पावसात भिजतेय आणि आई सकाळपासून आत आहे. कशाचा संकर चाललाय विचारलं, तर दार लावून घेते.

कोंब मागायला येशील तेव्हा माझ्याकडे नको, तिच्याकडे जा.

बाहेर उभा असलेला,
योरिट