पाहुणीला पेज कशी द्यायची?

मु. पोशीर, ता. कर्जत
श्रावण, १९७८

सौ. विहीणबाई सोनुबाई यांना मोतीबाईचा रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे माझ्यासारखेच आहेत, कुणापुढे वाकत नाहीत. (शेजारची आसिया लिहून घेत्ये. म्हणते, "मावशी, जरा गोड बोला गं." मी म्हटलं, तू लिही.)

तुमची लेक मैना माझ्या नातवाला, गजाला उचलून भिसेगावला तुमच्याकडे आली, त्याला पंधरवडा झाला. का, तर मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोराची छाती वाजते ती आजीच्या खाऊ घालण्याने, तिच्यापासून लांब ठेवा. तुम्ही त्यावर मान डोलावलीत असंही कळलं. आता माझी बाजू ऐका. वाचता तुम्हालाही येत नाही, तेव्हा मैनाच वाचून दाखवील आणि तिलाही ऐकावं लागेल.

त्या बाईंचं संशोधन चाललंय. कुठल्या पोराला पहिलं काय भरवलं, कुणाच्या अंगावर गांधी उठतात, कुणाला धाप लागते, असलं. त्यासाठी आळीत घरोघर झाकणाच्या बाटल्या वाटल्या. म्हणाल्या, बाळ खाईल त्यातलं चमचाभर यात ठेवा, मी घेऊन जाईन. घेऊन जाईन! विहीणबाई, मुंबईहून चिखल तुडवत आलेली बाई आपल्या घरचं काही नेणार, आणि मी तिच्या हाती नाचणीची पातळ पेज देऊ? तुम्ही दिली असती का? (द्याल म्हणा. हे खोडू नकोस गं आसिया.) मी कोंबडी कापली, वडे तळले. पुढच्या खेपेला अंड्याची पोळी आणि शेंगदाण्याचा लाडू. या आसियाने शेवयांची खीर भरली, वर काजू. मग आळीत चढाओढच लागली. बाटल्या उघडून बाई कपाळाला हात लावायच्या. मला वाटलं, मीठ कमी पडलं.

आता मुंबईत लिहून ठेवलंय म्हणे, पोशीरची पोरं सातव्या महिन्यात कोंबडी-वडे खातात. गजाच्या तोंडात दोन दात, तेही खालचे! पण मैना दिवसभर भाताच्या लावणीवर, पोर माझ्यापाशी. कोंबडी कमी झालेली तिला दिसली आणि बाईंचं बोलणं पटलं. कोंबडी मी नि तुमच्या जावयाने, वाल्मिकने खाल्ली, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. उद्या पुन्हा बाटली आली तर पुन्हा वडेच तळीन. आमच्या दारात आलेला माणूस पेज घेऊन जात नसतो, मग तो डॉक्टर असो की तलाठी. आणि आजीपासून नातू तोडायचं औषध कुठल्या इस्पितळात मिळतं, तेही एकदा बघते.

आपली,
मोतीबाई

ता.क. छाती अजून वाजते का त्याची? खरं ते कळवा. मला बरं वाटावं म्हणून 'बरा आहे' लिहवून घेऊ नका.

आणखी ता.क. बाई सोमवारी भिसेगावला येणार असं ऐकलं. जे पोराने कधी खाल्लंच नाही त्यावरून औषध ठरलं तर त्याचं काय होईल, एवढं मलाही कळतं. पण मी सांगणार नाही, सगळ्या आळीचं नाक जाईल. तुम्ही सांगा. वाल्मिकच्या लग्नापासून तुम्ही चारचौघींत म्हणत आलात की मोतीबाईच्या घरी पेजेखेरीज काही शिजत नाही. तेच बाईंसमोर म्हणा, चांगलं मोठ्याने म्हणा. या खेपेला मी भांडायला येणार नाही. गजाला न्यायला येईन.