जोडलेल्या पानांतला जंजिरा

रत्नागिरी, ११ जानेवारी १९८४

ती. चिंतामणीमामांस चारुदत्ताचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाडीत फिरू देतो ना? मामीच्या सुपाऱ्या सोलून झाल्या का? मी शरीराने ठीक आहे. बाकी घाबरून अर्धा झालो आहे.

आमच्या कॉलेजात इतिहासाचं अभ्यासमंडळ आहे. दर बुधवारी एकाने पुस्तक वाचून यायचं आणि बाकीच्यांनी (न वाचता) वाद घालायचा. यंदाचा विषय, आफ्रिकेतून जहाजांत कोंबून जगभर नेलेली माणसं आणि त्यांच्यावर विद्वानांनी केलेलं लेखन. दामले सरांनी स्वतःची प्रत मला दिली. मी प्रस्तावना वाचली. पुढची पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती, आणि (तुमच्यापासून काय लपवायचं) कापायचा कंटाळा केला. तरी बोलायला उभा राहिलो. समोर हेमा गोगटे बसली होती, त्यामुळे जरा जास्तच बोललो. म्हणालो, या लेखकाला अमेरिका दिसते, पण आपल्या किनाऱ्यावर आलेले हबशी दिसत नाहीत; जंजिऱ्याचे सिद्दी तर याच्या गावीही नाहीत. सर इतके खूश झाले, की त्यांनी हा आक्षेप माझ्या नावानिशी लेखकाला मुंबईला कळवला. लेखक एकवीस तारखेला, शनिवारी, येताहेत. खास मला भेटायला.

काल जोडलेली पानं फुगवून, एक डोळा मिटून आत डोकावलो. आत जंजिरा होता. चाळीस पानं जंजिरा. बाजारात विकलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचं नाव फटीतून वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. आता पानं कापावीत तर ताज्या कडा सरांना दिसणार, न कापावीत तर शनिवारी सगळ्यांसमोर शोभा. जेवण जात नाही, मामा. खरंच भीती वाटते.

तुमचा भाचा,
चारुदत्त

ता. क. वीस तारखेला 'आजी अत्यवस्थ, ताबडतोब निघ' अशी तार कराल का? (आजीला आधी विचारा. ती अशा बाबतीत हळवी आहे.)

आणखी एक ता. क. पत्र पेटीत टाकण्याआधी पुस्तक परत करून आलो. जोडलेली पानं सरांनी पाहिली आणि पाहतच राहिले. प्रत त्यांच्याकडे तीन वर्षं आहे, आणि तिच्यावर ते तीन वर्षं व्याख्यानं देताहेत, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. मग दार लोटून घेत सरांनी विचारलं, "तुझे ते मामा गुहागरला असतात ना रे? तिकडून तार पोचायला किती वेळ लागतो?"

तेव्हा तारा दोन करा. सरांच्या तारेत मावशी घाला; त्यांची आजी गेल्या वर्षीच वारली, आणि ते प्राचार्यांना ठाऊक आहे.