तस्ताची पाठ

फेरारा, १ डिसेंबर १५२९

प्रिय बार्तोलो दादास,

ओर्सोलाचा नमस्कार. मी पाओला आत्याकडे सुखरूप आहे. खोकला बरा आहे. आत्याने कांद्याचं कढण पाजून पाजून जीव नकोसा केलाय. वहिनीला सांग, तिची शाल माझ्याकडे चुकून आली. हातोडी मात्र चुकून आलेली नाही.

काउंटसाहेबांच्या मेजवानीपासून तू गल्लीभर ओरडत फिरतोयस म्हणे, "बहिणीनं माझं नाक कापलं!" अरे, नाक शाबूत आहे तुझं. जे गेलं ते माझं होतं, तू नुसतं मिरवत होतास.

ते हात धुवायचं चांदीचं तस्त कोणी घडवलं रे? बाबा गेल्यापासून तुझा हात थरथरतो, हे मी घराबाहेर कधी बोलले नाही. पाच महिने मऊ राळेच्या थरावर चांदीचा पत्रा बसवून ते मासे, ते समुद्रदेव मी ठोकले. तू काठावर स्वतःचा शिक्का मारलास आणि मला काय दिलंस? या तेरा तारखेला, संत लुचियाच्या सणाला, कायमचं मठात जायचा हुकूम! का, तर "काळ्या नखांच्या पोरीला कोण करून घेणार?" नखं कशानं काळी झाली, दादा?

तू तस्त एकदाही पालथं करून पाहिलं नाहीस. पाहणार कशाला? काउंटसाहेबांच्या मांडणीवरची चांदी मिरवायची, वापरायची नाही. तिची पाठ कायम भिंतीकडे. चांदीचा कस पाहणाऱ्या तपासनिसाचा शिक्का बसल्यावर तू ते मला उजळायला दिलंस, तेव्हा मी पाठीवर कोरलं: 'तादेओची मुलगी ओर्सोला हिने घडवलं.'

ते नेमकं मांडणीवरून खाली कसं आलं, असं तू आत्याला विचारलंस. मी लिहिणार होते, काउंटसाहेबांच्या म्हाताऱ्या नोकराची, गास्पारोची चूक झाली. चांदी मांडायचं काम त्याचं, खपूनही गेलं असतं. पण खोटं कशाला लिहू? मीच त्याला म्हटलं, "काका, मांतुआहून आलेल्या पाहुण्या बाईंना हात धुवायला हे द्या ना."

"अगं बये, मांडणीवरचं काढलं तर मला हाकलतील!"

पण काढलं बिचाऱ्यानं. बाईंनी हात धुतले. मासे इतके आवडले की पाणी ओतून टाकायला लावून त्यांनी तस्त उलटसुलट पाहिलं, आणि पाठ वाचली. मोठ्यानं.

"कोण ही ओर्सोला?"

तू तिथेच होतास, नवी टोपी घालून. आणि काय म्हणालास? "वारली बिचारी."

मी मांडणीच्या पडद्यामागे चांदी उजळत होते, दादा. आधी रडू आलं. मग असा संताप आला की तशीच पुढे गेले, हात काळे, झगा मळका. "बाई, मी अजून जिवंत आहे." सगळं दालन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी नखं पाहिली आणि म्हणाल्या, "याच हातची जोडीची झारी हवी मला."

ती तुझ्याच्यानं होणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मठाला आजच निरोप धाड, मुलगी येत नाही म्हणून. सोमवारी मी दुकानात येते, पुढच्या दारानं. भट्टी पेटवून ठेव. झारीवर तुझा शिक्का मारायचा तर मार, मी अडवणार नाही. पण माझं नाव या खेपेला समोर, काठावर.

तुझी, अजून न वारलेली बहीण,
ओर्सोला
तादेओची मुलगी