आत्यानं काळे केलेले डोळे

रविवार, संध्याकाळ
निरगुडसर

डोकं अजून तापलंय. लग्नाच्या बायोडेटावरच्या फोटोत आत्यानं स्टुडिओवाल्याकडून माझे घारे डोळे काळे करून घेतले. मला न विचारता. आज बघायला आलेले पाव्हणे एकदा मोबाईलमधला फोटो बघायचे, एकदा मला. शेवटी मुलाची आई म्हणाली, "फोटोत डोळे काळे व्हते ना?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "उन्हानं तसे दिसत्यात."

उन्हानं? घरात बसून? काळेच डोळे दाखवायचे होते, तर मला कशाला बसवलं समोर? फोटोच ठेवायचा होता पाटावर.

आमच्या घरात घारे डोळे दोघींचेच. माझे आणि आत्याचे. पाव्हणे जाईपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही.