अर्धी चिकटवलेली साडी

प्रिय सुमन,

गेलेल्या बायकोला पत्र लिहिणारा मी माणूस नव्हे. जिवंतपणी तरी कुठे लिहिलं! पण आज सकाळी मी मुक्तावर ओरडलो आणि मग जे कळलं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मुक्ता अजून पलंगावरच होती. मी म्हटलं, "सातवा महिना चालू आहे, आणि तू स्टुलावर चढून आईची साडी चिकटवतेस?"

ती बघतच राहिली. "बाबा, मला वाटलं तुम्हीच लावताय. आईची आठवण म्हणून."

स्टूल तर तू गेल्यापासून शेजारच्या देसाईवहिनींकडे आहे गं!

पनवेलच्या पहिल्या घरमालकाने बजावलं होतं, खिळा ठोकायचा नाही, रंगाला हात लावायचा नाही. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून दमून घरी आलो, तर तू जुनी सुती साडी साबुदाण्याच्या खळीने भिंतीला चिकटवलेली. "घर सोडताना ओल्या फडक्याने भिजवायची. सालीसारखी निघते, अहो!" मग दर भाड्याच्या घरात तेच. लोक घराला पडदे लावतात, माझी बायको घरालाच साडी नेसवते, म्हणून मी किती चिडवायचो तुला.

ही शेवटची पिवळी तू मुक्ताच्या बाळंतपणाच्या खोलीत लावायला घेतलीस. दारापासून अर्ध्या भिंतीपर्यंत आलीस, उरलेली गुंडाळी खुर्चीवर ठेवलीस, खाली उतरून पाणी मागितलंस. मी पाणी आणेपर्यंत थांबायला काय झालं होतं तुला?

तेराव्यानंतर माझ्या बहिणीने, कुंदाने, तुझं कपाट रिकामं केलं. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये म्हणून साड्या वाटून टाकल्या. ही मात्र राहिली. आम्हाला कुणाला ती साडी वाटलीच नाही, भिंतच वाटली!

तेव्हापासून खुर्चीवरची गुंडाळी लहान होत चाललीये. सकाळी पाहावं तर साडी हातभर पुढे गेलेली. एक बुडबुडा नाही, एक चुणी नाही. भिंत ओली, साबुदाण्याचा वास, आणि स्वयंपाकघरातलं खळीचं पातेलं मात्र कोरडं ठणठणीत. मी मुक्ताचं काम समजत होतो, ती माझं.

उलगडा झाला तेव्हा मुक्ता घाबरली नाही. "आईच असेल. खोली पुरी करेल आणि जाईल," म्हणाली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. मी चहा टाकला, तुझ्या कपासकट.

चहा घेऊन आलो, तर मुक्ताला उठता येत नव्हतं. पलंग भिंतीलगत आहे ना. तिच्या ओढणीचं टोक भिंतीला चिकटलं होतं. तुझ्या साडीचा पदर अजून लागायचा उरलाय, त्याच्याही पुढच्या भिंतीवर. ओलं, सपाट, अगदी तुझ्या हातचं.

सुमन, हे काय गं! साडी संपत आली म्हणून पोरीला लावायला घेतलीस? तुला कापड कमी पडतंय की सोबत? सोबतीला मी नाही का? तिच्या पोटातलं बाळ अजून या जगात आलंही नाही.

मी फडकं भिजवून ओढणी सोडवली. निघाली, पण हळूहळू, पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखी. दुपारीच मुक्ताला कुंदाकडे उरणला पोचवून आलो.

आता मी खळ शिजवलीये. गुठळ्या झाल्यात, हसू नकोस. तुझा पदर मी माझ्या हाताने चिकटवतो, म्हणजे तुझं काम पुरं होईल. आणि तरीही तुला जायचं नसेल, तर वचन देतो, हे घर मी सोडणार नाही, ही साडी कुणाला भिजवू देणार नाही. आजपासून त्या पलंगावर मी झोपेन, सदऱ्याची बाही भिंतीला टेकवून.

पोरीला सोड. मला धर.

तुझाच,
अहो